हुतूतूचा घोष आणि नियमावली

मौखिक परंपरेने चालत आलेला खेळ संघटित होतो तेव्हा त्याच्या परिभाषेचे काय होते, हे हुतूतूच्या उदाहरणाने चांगले समजते. या खेळाचे नावच मुळी चढाई करणाऱ्याच्या घोषावरून पडलेले आहे. दम तुटला की घोष तुटतो; म्हणजे येथे उच्चार हेच कालमापनाचे साधन होते. प्रांतोप्रांती घोष निराळा, म्हणून नावही निराळे. बाद गड्याविषयीच्या पद्धतीही तीन: संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद होताच तो पुन्हा जिवंत होई, गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे, अमरमध्ये तो बाहेर जातच नसे, गुण तेवढे मोजले जात. कोकणातून व देशावरून आलेल्या कामगारांच्या लालबाग-परळमध्ये, सामन्यापूर्वी बोली ठरविल्यावाचून असा खेळ निर्वेधपणे चालणे कठीणच.

१९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमावली सिद्ध केली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. प्रमाण ठरली ती संजीवनी. न्यूयॉर्कच्या निकरबोकर क्लबने १८४५ साली बेसबॉलचे नियम लिहिले, त्यानंतर मॅसॅच्युसेट्सचा प्रकार असाच मागे पडला. एका बोलीने प्रमाणभाषा व्हावे आणि इतरांनी ग्राम्य ठरावे, त्यातलाच हा प्रकार.

आज चढाईची मुदत तीस सेकंद आहे व ती घड्याळ मोजते. घोष मात्र सक्तीचा राहिला, तोही ‘कबड्डी’ एवढाच. लालबागच्या गड्याने ‘हुतूतू’ म्हटले, तर पंच त्याची चढाई थांबवील.