बेटाची बोट, बेटाचा वारा

डेन्मार्कच्या दक्षिणेला एरो नावाचं चिमुकलं बेट आहे. वस्ती सुमारे सहा हजार. मुख्य भूमीला जोडणारा पूल नाही, त्यामुळे मोठं इस्पितळ गाठायचं तरी बोटच हवी.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेटावरच्या सोबीहून समुद्रापलीकडच्या फ्यून्सहावला जाणाऱ्या मार्गावर ‘एलेन’ ही निव्वळ बॅटरीवर चालणारी फेरीबोट सुरू झाली. सुमारे ३० मोटारी घेते, आणि बॅटरीत तब्बल ४,३०० युनिट वीज मावते! जाऊन-येऊन ४० किलोमीटर कापून ती सोबीच्या धक्क्यावर परतते, मग चार्जिंग. पैशाला युरोपीय संघाचा हातभार लागला. बोटीचं काम मात्र सोबीच्याच गोदीत पूर्ण झालं. फेरीसेवाही बेटाच्या नगरपालिकेचीच.

खरं कौतुक इथल्या माणसांचं. बेटावरच्या मोठ्या पवनचक्क्यांमध्ये रहिवाशांनी स्वतःचे पैसे गुंतवले आहेत. मार्स्टाल गावातली घरं उबदार ठेवणारा भलामोठा सौर प्रकल्प ग्राहकांच्याच सहकारी संस्थेचा आहे. बेटावरची बस तर सगळ्यांना मोफत!

आणि याच बेटाच्या एलेन बोटीने २०२२ मध्ये एकाच चार्जवर ९२ किलोमीटरचा पल्ला गाठला.