टेम्पोची जाळी आणि आपला श्वास

मैत्रिणींनो, लालबाग-परळमधल्या आपल्या गटांतल्या काही जणींच्या घरी डिझेलचा टेम्पो आहे. "सायलेन्सरमधली जाळी काढा, गाडी पळेल," असं कुणी सांगतं. ही जाळी म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सहा डिझेल गाड्यांत तो असतो. अडलेली काजळी आतल्या उष्णतेने जळते. पण भारतमाता ते दादर गाडी रखडत गेली, की तेवढी उष्णता होत नाही. फिल्टर तुंबतो आणि गाडी पिकअप घेत नाही.

फिल्टरचा दिवा लागला, तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवायला सांगूया. दिवा विझला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठायचं. फिल्टर काढला तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केलं. सोडलेली काजळी शेवटी आपल्याच चाळीत, आपल्याच मुलांच्या छातीत जाते.