आंबा, एक फॉर्म आणि सल्लागार: सप्लाय चेनचा सल्ला कुणाकडून घ्याल?

समजा, न्यू जर्सीत राहून तुम्हाला कोकणातला माल इथे आणून विकायचा आहे. आंबा म्हणा, कोकम म्हणा, नाहीतर काजू. नोकरी सांभाळून हे जमवायचं, म्हणून कुणीतरी सुचवतं, "अरे, एखादा सप्लाय चेन कन्सल्टंट गाठ की!" सूचना चांगलीच आहे. पण गाठायचं कुणाला, आणि त्याला विचारायचं काय?

त्याआधी एक खरी घटना बघूया. अमेरिकेत येणाऱ्या भारतीय आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. किमान 400 ग्रे मात्रा दिली, की कोयीतला भुंगा आणि इतर किडींची इथे वाढ होत नाही. याच अटीवर 2007 मध्ये आपल्या आंब्याला हा बाजार खुला झाला आणि पहिला माल नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून आला.

मे 2025 मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या किमान 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. प्रक्रिया झाली होती, असं निर्यातदार सांगत होते. पण तिचा दाखला देणाऱ्या पीपीक्यू 203 या फॉर्ममधली नोंद सदोष ठरली. आता एकतर माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. परत नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता, त्यामुळे फळं टाकून दिली गेली. नुकसान सुमारे 5 लाख डॉलर, असा निर्यातदारांचा अंदाज होता. गंमत म्हणजे तो फॉर्म निर्यातदार भरतच नाहीत. तो केंद्रावर, अमेरिकी निरीक्षकाच्या हातून निघतो.

म्हणजे चूक एका टोकाला झाली आणि पैसे दुसऱ्याच्या खिशातून गेले. सल्लागार निवडताना हेच डोक्यात ठेवायचं.

आधी तीन कामं वेगळी करू. कस्टम्स ब्रोकर तुमच्या मालाची कागदपत्रं कस्टम्सकडे दाखल करतो. त्यासाठी त्याला सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. फ्रेट फॉरवर्डर जहाजात किंवा विमानात जागा मिळवून देतो. कन्सल्टंट सांगतो, की पुरवठादार कोण असावा, साठा किती ठेवावा, धोका कुठे आहे. त्याला मात्र कुठलंच सरकारी लायसन्स लागत नाही. उद्या तुम्हीही व्हिजिटिंग कार्डावर तसं छापू शकता. सीएससीपीसारखी प्रमाणपत्रं असतात, पण ती ऐच्छिक. पुष्कळदा नव्या व्यावसायिकाला हवा असतो ब्रोकर, आणि तो पैसे देतो कन्सल्टंटला.

दुसरी गोष्ट कायद्याची. ड्युटीचे पैसे तुम्ही ब्रोकरकडे दिले आणि त्याने ते भरलेच नाहीत, तरी कस्टम्स वसुली तुमच्याकडूनच करू शकतं, कारण नोंदीत आयातदार तुम्ही असता. अन्नपदार्थांचंही तसंच. परदेशी पुरवठादार अमेरिकी निकष पाळतो ना, हे आयातदाराने तपासायचं असतं. या नियमाला एफएसव्हीपी म्हणतात. हे काम बाहेरच्या जाणकाराकडून करून घेता येतं, पण एफडीएला उत्तर द्यायचं ते तुम्हीच.

म्हणून पहिल्या भेटीत हे विचारा:

पहिलं, "माझा माल नेमका कुठे अडकू शकतो, आणि अडकला तर कुणाचे पैसे जातात?" उत्तरात तुमच्याच मालाचं, बंदराचं, कागदाचं नाव यायला हवं. सगळ्यांना चालेल असं गुळगुळीत उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.

दुसरं, "तुम्हाला आणखी कुणाकडून पैसे मिळतात?" आम्हा संशोधकांना पेपर वाचताना निधी कुणी दिला ते बघायची खोड असते. इथेही ती उपयोगी पडते. एखाद्या फॉरवर्डरकडून कमिशन मिळत असेल, तर सल्ला त्याच दिशेने झुकणार. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

तिसरं, "मी 'व्हेरी स्मॉल इम्पोर्टर' गटात बसतो का?" अन्नपदार्थांचा वार्षिक व्यवहार साधारण 10 लाख डॉलरच्या आत असेल (ही मर्यादा महागाईनुसार बदलते), तर एफएसव्हीपीच्या अटी बऱ्याच सौम्य होतात. म्हणजे कन्सल्टंटचं काम आणि बिल, दोन्ही कमी. हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्याशी पुढचं बोलावं.

काम ठरलं, तर आधी छोटं द्या: एका मालाचा, एका मार्गाचा लेखी आराखडा, ठरलेल्या रकमेत. प्रत्येक कागदाची प्रत तुमच्याकडे आली पाहिजे, ही अट करारात घाला. त्याच्या जुन्या ग्राहकाशी बोलायचं, तर तुमच्यासारखाच माल आणणाऱ्याशी बोला. आंबा आणणाऱ्याची आणि काजू आणणाऱ्याची दुखणी वेगळी असतात.

आणि शक्य असेल तर सुरुवात काजूनेच करा. कागदात चूक निघाली, तर काजू गोदामात थांबतो आणि तुम्हाला ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. पिकलेला हापूस कुणासाठी थांबत नाही.