ड्यूटी संपल्यावरचा धोका

२६ फेब्रुवारी २०१३. पोर्टो रिकोतील ग्वायनाबो येथील संघीय तुरुंगातले लेफ्टनंट ओस्वाल्दो अल्बाराती काम संपवून मोटारीने घरी निघाले होते. वाटेतच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कोठड्यांतून चोरटे मोबाइल हुडकून काढण्याचे काम ते नेटाने करीत. तो राग धरून कैद्यांनीच सुपारी दिल्याचे पुढे उघड झाले.

तुरुंगाच्या नोकरीतला धोका भिंतींच्या आत असतो, असे आपण धरून चालतो. आत कैद्यांमध्ये वावरणारा रक्षक मात्र सहसा पिस्तूल बाळगत नाही. ते कैद्याच्या हाती पडण्याची भीती असते. पण सुटलेला कैदी बाजारात भेटतो, आणि निवृत्तीनंतरही तो चेहरा विसरलेला नसतो.

म्हणूनच अमेरिकेने २००४ साली कायदा करून पोलिसांबरोबर पात्र तुरुंग अधिकाऱ्यांनाही, सेवेतील आणि निवृत्त अशा दोघांना, कोणत्याही राज्यात कपड्याआड पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली. निवृत्तांसाठी सेवेची अट २०१० मध्ये पंधरावरून दहा वर्षांवर आली. नेमबाजीची चाचणी मात्र त्यांना दरवर्षी द्यावी लागते.

खरी मेख होती ती ‘अटकेचा वैधानिक अधिकार’ या अटीत. राजधानी वॉशिंग्टनच्या निवृत्त तुरुंग अधिकाऱ्यांची तिथेच अडवणूक झाली. हा हक्क न्यायालयात मागता येतो, असा निर्वाळा अपील न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. सेवेतल्यांचा प्रश्न वेगळाच होता. कामावर आल्यावर स्वतःचे पिस्तूल ठेवायचे कुठे? २०१८ मध्ये अल्बाराती यांच्याच नावाने कायदा झाला. संघीय तुरुंगांनी कुंपणाबाहेर शस्त्रांची सोय करावी किंवा मोटारीत कुलूपबंद पेटी ठेवू द्यावी, असे त्याने बंधन घातले.

याला दुसरी बाजूही आहे. २००४ च्या कायद्याला पोलिसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाच विरोध होता. साध्या कपड्यांतला शस्त्रधारी माणूस अधिकारी की गुन्हेगार, हे गोंधळात ओळखणार कसे? शिवाय पिस्तूल घरी आले की ते मुलाबाळांच्या घरी येते, ही काळजी त्या घरातल्या बाईला कोणी सांगावी लागत नाही.

चालत्या मोटारीत अचानक गोळ्या आल्या, तर कमरेचे पिस्तूल कितपत उपयोगी पडेल? रक्षकाला शस्त्र देणे ही शेवटची तजवीज झाली. कोठडीतली सुपारी भिंतीबाहेर पोहोचूच न देणे, ही पहिली. ती मात्र एकट्या रक्षकाच्या हातात नसते.