पहिला प्लॉटचा सौदा: भाव मालकापासून नाही, गुंतवणूकदारापासून काढा

अमरावती असो की अकोला, इसार देऊन प्लॉट धरायचा आणि खरेदीखत व्हायच्या आधी तो गुंतवणूकदाराला द्यायचा, हा धंदा आपल्याकडे चालतोच. नवा माणूस अडकतो तो भावात. मीही अडकलो होतो. अकोल्यातल्या पहिल्या सौद्यात मालकाच्या भावावर माझे एक लाख चढवले आणि गिऱ्हाईक शोधत फिरलो. तीन महिन्यांची मुदत संपली, 51 हजारांचा इसार गेला.

चूक साधी होती. मी बेरीज केली. करायची होती वजाबाकी.

वजाबाकी अशी करा

समजा, बडनेऱ्यात 1500 चौरस फुटांचा प्लॉट आहे. (आकडे फक्त समजण्यासाठी.)

1. खरा भाव: शेजारी किती सांगतात ते सोडा, कितीत गेला ते विचारा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 पाहा. समजा 1400 रुपये फूट निघाला. झाले 21 लाख.
2. गुंतवणूकदाराचं मार्जिन: समजा त्याला 20 टक्के हवेत. उरले 16 लाख 80 हजार.
3. मुद्रांक आणि नोंदणी: महापालिका हद्दीत साधारण 6 टक्के मुद्रांक, 1 टक्का नोंदणी फी (जास्तीत जास्त 30 हजार). रेडी रेकनर आणि सौद्याची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर हे लागतं. रेकनर 16 लाख असेल तर 1 लाख 12 हजार.
4. मोजणी, कुंपण, थकलेला कर: धरा 50 हजार.

उरले 15 लाख 18 हजार. गुंतवणूकदार याच्यावर जाणार नाही. त्यातले 68 हजार तुमचे ठेवा, म्हणजे मालकाला 14 लाख 50 हजार. मालक 16 वर अडला तर हिशोबाचा कागद दाखवा. तरी ऐकलं नाही तर चहा पिऊन उठा.

एक लक्षात ठेवा: खरेदीची किंमत रेकनरपेक्षा फार खाली गेली तर घेणाऱ्याला त्या फरकावर आयकर लागू शकतो. फरक खरेदी किमतीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवलेला बरा.

इसार देण्याआधी

- इसारचिठ्ठीने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 54 हेच सांगतं. म्हणून "मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत करून देऊ" हे वाक्य, मुदत, आणि कागदात खोट निघाली तर इसार परत, हे तिन्ही लिहून घ्या.
- 20 हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने नाही. चेक किंवा ऑनलाइन.
- लपवालपवी नको. खरेदीखतात "संमती देणार" म्हणून सही करा, तुमचे पैसे चेकने घ्या. मालक आणि गुंतवणूकदार, दोघांनाही तुमची रक्कम माहीत असू द्या.
- महारेरा नोंदणी असलेल्या ले-आउटमधले प्लॉट विकून देणार असाल, तर आधी एजंट म्हणून नोंदणी करा.

आणि सगळ्यात आधी तीन गुंतवणूकदारांशी बोला: कुठे घेता, कितीपर्यंत, पैसे किती दिवसांत? उत्तरं वहीत लिहा, मगच मालकाच्या दारी जा.

पहिल्या सौद्यात कमाई थोडी झाली तरी चालेल. इसार बुडता कामा नये.