चुण्यांचं मूळ रिंगमध्ये

  तंजावरहून कुंभकोणमच्या पुढे गेलं की तिरुभुवनम हे गाव लागतं; तिथल्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा साडीवर लग्नात घालायच्या ब्लाउजला हल्ली पाठभर आणि बाहीभर भरतकाम लागतं. आरी नावाच्या आकडीदार सुईनं हातानं केलेलं आरीकाम वेळखाऊ आणि महाग, म्हणून संगणकावर चालणारी मशीन आली आणि तिच्यामागोमाग तक्रारही आली: कापड धरणाऱ्या रिंगमध्ये असेपर्यंत भरलेला मोर अगदी सपाट, रिंग सोडली की त्याच्याभोवती चुण्याच चुण्या. दोष मशीनला दिला जातो, नाहीतर दोऱ्याच्या ताणाला. खरं तर बऱ्याचशा चुण्यांची तयारी पहिला टाका पडण्याआधीच, रिंग आवळताना झालेली असते.

विणलेलं कापड सगळ्या दिशांना सारखं नसतं. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेनं ओढलं तर ते फारसं लांबत नाही, कारण तिथे सूतच ओढावं लागतं. उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं तर सूत लांबतच नाही, फक्त ताण्याबाण्यामधला काटकोन कलतो, आणि तेवढ्यानं कापड सहज वाढतं. गोल रिंग कापडाला सगळ्या कोनांतून धरते. रिंग आवळल्यावर कारागीर कडेनं फिरत जिथे ढिलं वाटेल तिथे कापड खेचतो, आणि ढिलं वाटतं ते नेमकं उरेब दिशेला. हे खेचलेलं, कललेलं कापड मग हजारो टाक्यांनी त्याच अवस्थेत जखडलं जातं. रिंग सोडली की भोवतालचं कापड मूळ मापावर येतं; टाक्यांखालचं येऊ शकत नाही. मापातला हा फरक कुठेतरी जिरायला हवा. पातळ पत्र्याला आपल्याच प्रतलात आक्रसण्यापेक्षा वाकणं फार सोपं असतं. एकसंध पत्र्याची जाडी निम्मी केली तर वाकायला होणारा विरोध आठपट घटतो, आणि कापडात सुतं एकमेकांवरून सरकत असल्यामुळे तो आणखीच कमी असतो. म्हणून कापड वर उचललं जातं, आणि त्यालाच आपण चुणी म्हणतो. ‘मृदंगासारखं ताठ बसवा’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. मृदंगाचं कातडं वादीनं आवळलेलंच राहतं. कापड मात्र काम संपताच सोडायचं असतं.

यावर कोणी म्हणेल, सैल बसवलं तरी चुण्या पडतात, मग गुन्हेगार दोराच. हे अर्धं खरं आहे. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून टाका बसतो, तेव्हा दोन्ही ताणलेले असतात. पॉलिएस्टरचा ताणलेला दोरा नंतर आखडतो आणि कापड सोबत ओढतो. त्यामुळेच भरीव गोल टाक्यांच्या दिशेनं आत येतो, आडव्या दिशेनं बाहेर सरकतो आणि अंडाकृती होतो. पंचिंग करणारा, म्हणजे मशीनसाठी डिझाइन टाक्यांत मांडणारा, तो आधीच थोडा उलट फुगवून आखतो, ते यासाठीच. पण ताण कमी करून सुटत नाही अशी एक गोष्ट उरते: जागा. ७५ नंबरची सुई म्हणजे ०.७५ मिलिमीटर जाडीची सुई, आणि भरीव कामात टाक्यांच्या दोन ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर असतं. सुई अंतरापेक्षा जाड! घट्ट विणीच्या रेशमात आधीच रिकामी जागा नाही; त्यात प्रत्येक टाका नवा दोरा खुपसतो आणि मूळ सुतं बाजूला रेटली जातात. दोरा कितीही सैल सोडला तरी ही गर्दी होतेच. डिझाइन लहान करताना टाक्यांची संख्या तीच ठेवणारे या गर्दीत भरच घालतात.

म्हणजे कापडानं ताण सोसायचाच नाही. रिंगमध्ये ताठ बसवायचा तो खालचा न ताणणारा कागद, ज्याला धंद्यात बॅकिंग म्हणतात. कापड त्यावर सपाट चिकटवायचं, खेचायचं नाही. वरचं दाट काम सुरू होण्याआधी विरळ टाक्यांचा एक थर कापड आणि बॅकिंग यांना एकजीव करतो, आणि काम मधून बाहेर सरकत गेलं तर जास्तीचं कापड कडेला निघून जातं. फाडून काढायचं बॅकिंग सोयीचं खरं, पण फाडल्यावर टाक्यांचा आधारच जातो. दाट कामाला कापून काढायचं, टाक्यांखाली कायम राहणारं बॅकिंगच हवं. तंजावर भागात देवळांच्या रथांवर टांगायच्या गोल झुंबरांसारख्या तोंबैत हेच तत्त्व दिसतं: रंगीत कापडांचे तुकडे पायाच्या कापडावर शिवलेले असतात आणि भार त्या पायावर जातो.

खरा अवघड आक्षेप आरीकामाचा आहे. आरीचे कारागीर कापड अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, चांगलं ताठ ताणतात, तरी चुण्या पडत नाहीत. मग ताणण्यात चूक काय? उत्तर अड्ड्याच्या आकारात आहे. चौकट काटकोनी असल्यामुळे कापड ताण्याबाण्याच्या दिशेनंच ओढलं जातं, म्हणजे ते जिथे जवळजवळ लांबतच नाही तिथे. उरेब ओढ बसत नाही. शिवाय आरी खालचा एकच दोरा फास काढत वर घेते. त्याला कुलूप घालणारा दुसरा दोरा नसतो, आणि साखळीचा फास जरा सैलच बसतो. आरीकाम ताणाला अपवाद नाही. ताण कुठल्या दिशेनं द्यायचा ते त्याला ठाऊक आहे.

उरतो इस्त्रीचा युक्तिवाद. वाफेची इस्त्री दोऱ्यातला थोडा ताण सैल करते, पण गर्दीनं पडलेली चुणी ती मोडू शकत नाही. कावेरीच्या खोऱ्यातली हवा तर उलट काम करते. ६५ टक्के आर्द्रतेत रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ओल्या हवेत नैसर्गिक सूत फुगतं, फुगल्यानं विणीतले वळसे वाढतात आणि कापड लांबीला आखडतं. पॉलिएस्टरचा दोरा होता तसाच राहतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात दुकानातून सपाट गेलेला ब्लाउज कपाटात चुण्या धरतो, तो यामुळेही. रेयॉनचा दोरा रेशमासारखंच पाणी धरतो म्हणून इथे बरा, पण भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्मी होते.

बॅकिंगचा उपाय ब्लाउजला चालतो, कारण त्याची आतली बाजू अस्तराखाली जाते. साडीच्या पदराचं तसं नाही. तो उलट बाजूनंही दिसतो आणि झुळझुळीत पडायला हवा. पाण्यात विरघळणारं बॅकिंग वापरावं, तर रेशीम आणि जरतार भिजवायची कोणाची तयारी नसते. पदरावर मग टाके विरळ करायचे, भरीव मोराऐवजी रेषेचा मोर काढायचा.