ई-पासात गवत कुठं बसतं?

निसर्गशिक्षण देणाऱ्या छोट्या संस्थेचं काम लांबून फार रम्य दिसतं. गळ्यात दुर्बीण, मागं पोरांची रांग, समोर पठार. प्रत्यक्षात निम्मं वर्ष धर्मादाय आयुक्तांकडचे कागद, लेखापरीक्षण आणि देणगीदारांची मनधरणी यातच जातं. कोरोनात उरलेलं निम्मंही त्यातच गेलं.

मार्च २०२० च्या अखेरीस पीएम केअर्सला दिलेली रक्कम कंपन्यांच्या सीएसआर खर्चात धरली जाऊ लागली. निकड कळत होती; पण फुलपाखरांसाठी पैसे मागणाऱ्याचा फोन आता कोण उचलणार? एका साहेबांनी सौजन्यानं विचारलं, "तुमच्या कामात मास्क कुठं बसवता येतील का?" बसवले. प्रस्तावाचं नाव 'निसर्ग आणि आरोग्य' झालं. आतला मजकूर बराचसा तोच.

आमची पोरं वाडी रत्नागिरीची, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरची. कुणी गुरवाचं, कुणी नारळ-गुलालाच्या दुकानदाराचं. २०२० ची चैत्र यात्रा रद्द झाली. सासनकाठ्यांची मिरवणूक नाही, 'चांगभलं'चा गजर नाही, उधळायचा गुलाल पोत्यातच. दुसऱ्या वर्षीही भाविकांविनाच चैत्र गेला. इथली चूल यात्रेवर आणि रविवारच्या गर्दीवर पेटते. त्यामुळं 'डोंगरानं मोकळा श्वास घेतला' असलं कुणी लिहिलं की डोकं फिरायचं. घेतला असेल श्वास, पण उधारीवर.

एका देणगीदारांना नेमकं तेच ऐकायचं होतं: माणसं गेली, मोर आले. व्हिडिओ कॉलवर सातवीतल्या पोराला त्यांनी खोदून विचारलं. तो म्हणाला, "मोर रोजच येतोय की. तुमास्नी बघाय आता सवड मिळालीया." साहेब जरा वेळ गप्प. देणगी मात्र आली.

एप्रिल २०२१ मध्ये जिल्ह्याबाहेरच्या प्रवासाला पुन्हा ई-पास लागला. आमचे गवताचे जाणकार सांगलीचे. अर्जात कारण काय लिहिणार? दवाखाना, अंत्यविधी या रांगेत 'गवत ओळखायला' कसं बसायचं? ते घरीच राहिले आणि तास फोनवर झाला. वर रेंज सगळीकडं मिळत नाही. मिळाली तिथं उन्हात पोरं कोंडाळं करून बसली. एकीनं वाळलेल्या गवतातलं कुसळ तळहातावर ठेवलं, त्यावर पाण्याचा थेंब सोडला. काळपट, पीळदार काडी हळूहळू फिरायला लागली. "सर, जित्तं हाय हे!" भिजलं की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि या फिरण्यानं टोकाचं बी मातीत घुसतं, हे सरांनी सांगेपर्यंत निम्मी पोरं कुसळं आणायला उतारावर पळाली होती. इतक्या वर्षांच्या सहलींत हा प्रयोग आम्ही कधी केला नव्हता. बस परत न्यायची घाई असायची.

वर्षअखेरीस लेखापरीक्षकांनी वही उघडली. कार्यक्रम भरपूर, प्रवासखर्च जवळजवळ शून्य आणि मोबाइल रिचार्जच्या पावत्या गुरवांच्या, दुकानदारांच्या नंबरांवरच्या. "हे काय चाललंय?" त्यांनी चष्मा वर केला. आम्ही कुसळाचा व्हिडिओ लावला. त्यांनी तो दोनदा पाहिला, घरच्यांना दाखवायला म्हणून मागून घेतला आणि रिचार्ज 'शैक्षणिक साहित्य' या सदरात टाकले.